नवव्या आठवड्यातली खूण

माणसानं स्वतःविषयी फार खोलात जाऊन चौकशी करू नये. अशी म्हण आमच्या तासगाव भागात नाही, पण असायला हवी होती. मी ती चौकशी केली. कुणी दामटून नेलं नव्हतं. स्वतःच्या पायानं सांगलीला गेलो, रांगेत उभा राहिलो आणि डोक्यावर तो टोप चढवून घेतला. आता बसलोय लिहीत. मंगळवारपर्यंत वेळ आहे, आणि त्यानंतर हे सगळं मला असंच वाटेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मी धैर्यशील झांबरे. वय तेहतीस. द्राक्षाचे घड बुडवायची कामं घेणाऱ्या टोळीचा मुकादम. छाटणीनंतर मणी धरला की जीएच्या पाण्यात एकेक घड बुडवून काढायचा, म्हणजे मणी लांबतो, फुगतो आणि व्यापारी खूश होतो. जीए म्हणजे वनस्पतीचं संप्रेरक. किती घालायचं, कितव्या दिवशी घालायचं, ढगाळ हवेत काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. टोळीत सोळा बायका आहेत आणि त्या मला भाऊ म्हणतात. जन्मदाखल्यावर मात्र माझं नाव धनश्री आहे आणि त्यापुढे 'स्त्री' असं लिहिलेलं आहे. आईनं यातून मधला रस्ता काढला होता. ती मला 'धना' म्हणते.

दाखला लिहिणाऱ्याची काही चूक नाही, त्यानं दिसलं ते लिहिलं. मला ते पटत नाही, हे साधारण बाराव्या वर्षी कळलं. अंग बदलायला लागलं तेव्हा मी रडलोबिडलो नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी सामान चुकून आपल्याकडे आलंय, आज ना उद्या त्याचा धनी येईल आणि घेऊन जाईल. चार-पाच वर्षं मी खरोखर वाट बघितली. कुणी फिरकलं नाही. मग छाती घट्ट बांधायला लागलो, केस कापले, आणि धैर्यशील हे नाव माझं मीच ठेवून घेतलं. ते ठेवताना आपण कुठं एवढे धीराचे लागून गेलोय, हा विचार काही केला नाही.

गावात कारणं सांगणारे पैशाला पासरी. तीन पोरींवर थांबलेल्या बापानं धाकटीला हाफचड्डी घालून गाडीच्या टाकीवर बसवून बागेत नेलं, म्हणून असं झालं, असं निम्मं गाव म्हणायचं. उरलेलं निम्मं देवीकडं बोट दाखवायचं. आमच्या भागात बऱ्याच बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यामुळं माझ्या बोलण्याकडं तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, शंका मलाही यायची. आप्पांना मुलगा असता तर मी मुलगी झालो असतो का? बाईच्या वाट्याला काय येतं, ते आईकडं बघून मी पुरतं ओळखून होतो. त्यातून सुटायला मी हे सोंग घेतलं असेल का? आणि सोंग असेल तर ते एवढं दुखतं कसं? आप्पांना विचारलं असतं, पण ते कधीच गेले होते.

त्यातच कल्याणी भेटली. ती बेदाण्याच्या शीतगृहात प्रतवारी करते. एका सेकंदात हिरवा, पिवळा, काळा बेदाणा वेगळा काढणारी मुलगी, तिनं मलाही तेवढ्याच झटक्यात निवडलं. तिच्या वडिलांना मी काहीच लपवून ठेवलं नाही. ते म्हणाले, "हे बघा झांबरे, मला कागद दाखवा. कागदावर पुरुष असं आलं की अक्षय्य तृतीयेला लगीन लावून देतो. गावाच्या तोंडाचं काय ते मी बघतो." याहून जास्त मुलीच्या बापानं काय द्यावं?

आणि कागद मिळवायचा तर उगमचाचणी करून घ्यावी लागते. २०४१ साली तसा नियम झाला.

चाचणी समजायला अवघड नाही. आपल्या मेंदूत आपल्या अंगाचा एक नकाशा असतो. डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे हे आपल्याला कळतं, ते त्या नकाशामुळं. एखाद्याचा पंजा मशीनमध्ये तुटला तरी त्याला कधी कधी त्या नसलेल्या पंजाला खाज सुटते, कारण पंजा गेला तरी नकाशातला पंजा जागेवरच असतो. मेंदूतल्या पेशींचं काम चालू असताना अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात. टोपातले संवेदक त्या टिपतात. अंगाला इथंतिथं हलका स्पर्श करत गेलं की तासाभरात तो नकाशा पडद्यावर उमटतो.

माझा उमटला तो मी बघितला. छातीच्या जागी सपाट होतं, बाराव्या वर्षाच्या आधी होतं तसं. तिथंच मला हुंदका फुटला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की हा माणूस खोटं बोलत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण शास्त्रज्ञांना आणि सरकारला, दोघांनाही पुढचा प्रश्न पडला. हा नकाशा असा झाला कशानं? गर्भात असताना संप्रेरकांचा मोठा लोंढा आला की गुणसूत्रांवर बारीक रासायनिक खुणा उठतात आणि त्या जन्मभर राहतात. रक्ताच्या थेंबातून त्या वाचता येतात, लोंढा कितव्या आठवड्यात आला तेही कळतं. त्यावरून आम्हा माणसांची बेदाण्यासारखी प्रतवारी ठरली. आपोआप असा झाला तो जन्मज, त्याला दाखला. वाढवण्यामुळं किंवा काही सोसल्यामुळं झाला तो परिस्थितिज, त्याला दोन वर्षं समुपदेशन. आणि बाहेरून पोटात गेलेल्या औषधा-रसायनानं झाला तो आगंतुक. त्याला दाखला मिळत नाही. त्याला दुरुस्त करतात.

मार्च महिन्यात, बागा मोकळ्या झाल्यावर, सांगलीच्या उगम केंद्रातल्या डॉ. मगदूम बाईंनी मला बोलावलं.

"तुमच्या रक्तात नवव्या आठवड्यातली खूण आहे," त्या म्हणाल्या. "पुरुषी संप्रेरकाचा मोठा लोंढा. तो बाहेरून आला असण्याची शक्यता एकाहत्तर टक्के."

"म्हणजे मी कुठल्या प्रतीत?"

"ऐंशीच्या वर असता तर आगंतुक, साठच्या खाली असता तर जन्मज. मधल्या लोकांसाठी आईचा जबाब घेतात. गरोदरपणी काही औषध घेतलं होतं का, एवढा एकच प्रश्न असतो."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर लोंढा तुमच्याच शरीरातला धरायचा. आठ दिवसांत दाखला हातात."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर तुमची नोंद नुकसानग्रस्त म्हणून होईल. मग पुनर्मेळ. सहा बैठका असतात. चुंबकीय स्पंदनं देऊन नकाशातला तेवढा भाग मंद करत नेतात. सक्ती नाही, पण ती नोंद एकदा झाली की दाखल्याचा अर्ज घेत नाहीत."

"डॉक्टर, आई काहीही म्हणाली तरी नकाशा तोच राहणार ना?"

"तोच."

"आणि दुखतं तेही तेवढंच?"

"नियम मी केला नाही हो," त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या, कंटाळलेल्या होत्या.

मी हंगामात लाखभर घड बुडवून घेतो. त्यातल्या एकाही मण्याला कुणी म्हणत नाही की ही लांबी तुझी नव्हे, जीएची आहे, परत कर. हे मी डॉक्टरांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या बुधवारी आईला घेऊन या.

घरी आलो तेव्हा आई मागच्या दारी चुलीवर कुरडयांचा चीक हाटत होती. माझी मधली बहीण तेजश्री विट्याहून माहेरी आली होती, ती पातेलं धरून बसली होती. चीक हाटताना हात थांबवायचा नसतो, थांबला की गाठी होतात.

"आई," मी म्हणालो, "माझ्या वेळी दिवस गेल्यावर तू कसलं औषध घेतलं होतंस?"

आईचा हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला?" ती म्हणाली. उत्तर तिथंच मिळालं.

मग तिनं सगळं सांगितलं. थोरल्या राजश्रीनंतर आज्जी हात धुऊन तिच्या मागं लागली होती. "पल्याडच्या गावात एक म्हातारा पुड्या द्यायचा. पोरगाच हुतोय म्हनून लांबलांबनं बाया यायच्या. तेजीच्या येळंला घेतल्या, तुझ्या येळंला घेतल्या. दुसरा म्हैना सरला की तीन दिस तीन पुड्या. खोंड झालेल्या गाईच्या दुधातनं, उगवतीकडं तोंड करून. कुनाशी बोलायचं न्हाई."

"काय असायचं त्यात?"

"मला काय ठावं? कडू लागायचं. तुझी आज्जी म्हनली घे, म्हनून घेतलं. आन शेवटाला तू झालीस."

तेजश्री हसायला लागली. "म्हणजे मीपण पुडीचीच की! मग मला का काही झालं नाही गं? मला तर साडीचा अजून कंटाळा येत नाही." तिच्याशिवाय कुणी हसलं नाही. चिकाच्या गाठी झाल्या होत्या.

मी आईला जबाबाचं सांगितलं. दाखला, कल्याणी, अक्षय्य तृतीया, सगळं. तिनं त्यातलं एवढंच उचललं, "म्हंजी ही माझ्या हातानं झालं?"

"तसं नाही, आई."

"तसंच हाय. मी इतकी वर्सं देवाला इचारत हुतो, माझ्या पोरीला ही कशानं. आन त्ये माझ्याच पोटात हुतं." मग माझ्याकडं बघून ती हळूच म्हणाली, "आन डागदर ही बरं करत्यात म्हन?"

त्या डोळ्यांत काय आहे, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी मुकादम माणूस, ढग बघून उद्याचं पाणी सांगतो, पण आईचा चेहरा मला वाचता आला नाही. मी तिच्यापुढं हात जोडले. म्हणालो, एकच शब्द सांगायचा, नाही. माझ्यासाठी एवढं कर. ती म्हणाली, "न्हाई म्हनीन. माझ्या पोरासाठी एवढं न्हाई का करनार?" बुधवारी एसटीत मी तिची शाळेतल्या पोरासारखी उजळणी घेतली. औषध घेतलं होतं का? न्हाई. पुन्हा. न्हाई. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा थांबलो.

जबाबाच्या खोलीत दुसऱ्याला सोडत नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं. आईला पाऊण तास लागला.

आत काय झालं ते मला जबाबाच्या प्रतीवरून कळलं. नियमाप्रमाणे कारकुनानं तिला दोन्ही उत्तरांचे परिणाम वाचून दाखवले होते. ते ऐकल्यावर जबाब देणारीनं एक प्रश्न विचारला, असं प्रतीत लिहिलंय: 'उपचारानं माझी पोरगी पहिल्यासारखी होईल का?' त्याखाली कारकुनाचं उत्तर: 'शक्यता आहे.' आणि मग पानभर जबाब. तीन पुड्या. कडू चव. आज्जीचं नाव. म्हाताऱ्याच्या घरापुढचं कवठाचं झाड. गाय तांबडी होती, हेसुद्धा. कारकुनानं विचारलं नव्हतं असंही तिनं सगळं सांगितलं होतं. तेहतीस वर्षं पोटात धरलेलं तिला कुठंतरी ओतायचं होतं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ऐकायला बसलं होतं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका हलका झाला होता, की आप्पा गेल्यापासून मी तसा बघितला नव्हता.

"धना, मला न्हाई खोटं बोलवलं," ती म्हणाली. "आता तू बरी हुशील. माझ्या हातनं झालं, माझ्याच हातनं निस्तरलं."

मला असा संताप आला की तिला एसटी स्टँडवर तशीच सोडून मी चालत सुटलो. विश्रामबागेपर्यंत गेलो. तिथं आठवलं की तिला वाचता येत नाही, कुठली गाडी तासगावची हे तिला कळणार नाही. परत आलो. जिथं सोडली होती तिथंच ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तासगावची गाडी धरली. मी तिचा द्वेष करत होतो, आणि तिच्या बाजूच्या खिडकीतनं ऊन येत होतं म्हणून जागा बदलून घेतली.

आठवडाभरात नोंद झाली. वर्ग: आगंतुक.

कल्याणीला मी शीतगृहाच्या दारात गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रडणारी नाही, विचार करणारी आहे.

"एक विचारू? रागावू नकोस," ती म्हणाली. "तू पुरुष आहेस ते पुडीमुळं, असं त्यांचं म्हणणं ना? मग मी तुला आवडते तेही पुडीमुळंच का?"

"कल्याणी, तुझा राजेंद्रमामा तापट आहे तो कशामुळं? तू गोरी कशामुळं? प्रत्येकाचं कशामुळं तरी असतंच."

"ते मला पटतं रे. पण उपचार घेतलास तर मी आवडायची राहीन का?"

ते मी डॉ. मगदूमना आधीच विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, काहींचं राहतं.

"मग नको घेऊस," कल्याणी म्हणाली. "असेच राहू आपण."

असं म्हणायला सोपं असतं. तिनं ते खरं करून दाखवायचा प्रयत्नही केला. घरात भांडली, वडिलांशी महिनाभर बोलली नाही. अक्षय्य तृतीया गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती स्वतः आमच्या दारात आली, आत आली नाही. "मी थकले, धैर्या," एवढंच म्हणाली. तिला आटपाडीचं स्थळ आलंय. मुलगा वाईट नाही म्हणे. मी तिला थांब म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? माझ्याकडं तिला द्यायला माझ्यावरची एक नोंद तेवढी होती.

इकडं आईनं जबाबाच्या दुसऱ्या दिवसापासून चप्पल सोडली. मी बैठकांना जाऊन बरी होऊन येईपर्यंत अनवाणी राहायचं, असं तिनं देवीला बोलून ठेवलं होतं. तिला पंधरा वर्षांची शुगर. एप्रिलच्या उन्हात आमच्या रस्त्यावरचं डांबर मऊ होतं. मी ओरडलो, तेजश्रीनं समजावलं, शुगरच्या डॉक्टरांनी पाय जाईल अशी धमकी दिली. आई म्हणाली, "माझं पाय हायत, माझ्या पोरीसाठी हायत." मेच्या पहिल्या आठवड्यात उजव्या टाचेला जखम झाली. ती भरत नाही. ड्रेसिंग मीच करतो. तळवा धरून बसलो की ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि विचारते, "कधी जायाचं?"

तेजश्रीला हे बघवेना. तिनं जे केलं ते मला सुचलं नव्हतं. ती सांगलीला गेली, केंद्रात खासगी चाचणीचा अर्ज दिला आणि टोप घालून बसली. तिचा हिशेब सरळ होता. पुडी दोघांना दिली. तिच्या रक्तात खूण सापडली, तर पुडीनं माणूस असा होतो हे खोटं ठरेल, कारण ती तशी नाही. मग माझी नोंद पुसावीच लागेल.

गेल्या शनिवारी अहवाल आला. नकाशा शंभर टक्के बाईचा. आणि नवव्या आठवड्यातला लोंढा बाहेरून आल्याची शक्यता चौऱ्याऐंशी टक्के. माझ्याहून तेरा जास्त.

तेजश्रीनं फोनवर ओरडून सांगितलं. मी बागेत होतो. तेच विष, त्याच महिन्यात, तिच्या अंगात जास्त, आणि ती दोन मुलांची आई होऊन हळदीकुंकवाला नटून जाते. म्हणजे पुडी कारण नव्हती. निदान एकटी नव्हती. म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. मी तसाच केंद्रात गेलो. दोन्ही अहवाल डॉ. मगदूमांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी ते बराच वेळ वाचले.

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या.

"मग नोंद बदला."

त्यांनी वर विचारून घेतलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, एका ओळीचं. 'तक्रार नसलेल्या व्यक्तीचा अहवाल तक्रारदाराच्या प्रकरणात ग्राह्य धरता येत नाही. मातेचा जबाब अंतिम आहे.'

"मला पटत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

काल दुपारी ड्रेसिंग करत होतो. टाचेचा रंग मला आवडला नाही. आई बघत होती.

"तेजीचा कागद आला न्हवं?" ती म्हणाली. "मला कुनी सांगत न्हाई. काय म्हनतोय? तिला पुडी लागली हुती का?"

मी कापसावर औषध ओतत होतो. खरं एवढंच होतं, की तिनं मला असा केला नव्हता. तेहतीस वर्षांचं पाप एका वाक्यात उतरलं असतं. पण त्याच वाक्यात तिला हेही कळलं असतं, की त्या बुधवारी तिनं जे सांगितलं ते उगाच सांगितलं, आणि माझं लग्न, माझं नाव, माझा सगळा पुढचा जन्म तिनं त्या पाऊण तासात विनाकारण मोडून टाकला. पहिलं पाप तिनं अजाणता केलं होतं, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. हे दुसरं तिनं स्वतः केलं होतं, प्रेमानं. हे घेऊन ती चार दिवससुद्धा जगली नसती. मला तिचा राग होता, अजून आहे. पण एवढा नाही.

"नाही, आई," मी म्हणालो. "तिला लागलीच नव्हती. मलाच लागली."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "मला वाटलंच," ती म्हणाली. "म्हंजी मी खरं बोललो त्ये बरं झालं."

"बरं झालं."

"मग आता कशाला थांबायचं? मंगळवारी जाऊया की."

खोटं एकदा बोललं की ते निभवावं लागतं. पुडीनंच झालंय असं मीच म्हणालो होतो, मग उपचार नको म्हणायला माझ्यापाशी कारण उरलं नव्हतं. तिचा पाय माझ्या मांडीवर होता. मी हो म्हणालो.

आज सकाळी डॉ. मगदूमांना फोन करून नाव नोंदवलं. विचारलं, सहा बैठकांनंतर काय उरतं. त्या म्हणाल्या, "बहुतेकांना शांत वाटतं." मी म्हणालो, "कुणाला?" त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी येताना काही खाऊन येऊ नका, असं सांगितलं.

हे कागद मी तेजश्रीकडे देणार आहे. सहावी बैठक झाली की मला वाचायला दे, असं तिला सांगितलंय. वाचून मी चिडलो, कागद फेकले, आईवर ओरडलो, तर तिनं समजावं की तिचा भाऊ अजून आहे. काहीच वाटलं नाही, तर तिनं आईला त्यातलं काही सांगू नये. आई त्या वेळी खुशीत असेल.